खोडरबर

खोडरबर एका जागी स्वस्थ बसलेला पाहायचा असेल तर तो दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतच पाहावा, असं त्याची बायको म्हणायची. तिला ठाऊक असणारच, कारण तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच. बाकी सगळा जन्म या माणसाने उठबस करण्यात घालवला. जेवताना मिठासाठी उठायचा, वाटेत मीठ विसरायचा आणि खिडकी लावून परत यायचा. घरातून निघाला की कोपऱ्यापर्यंत जाऊन कुलूप ओढून बघायला माघारी फिरायचा. अस्वस्थपणा त्याच्या पाचवीलाच पुजलेला होता. त्यावर उतारा शोधायला तो जिथे गेला, तिथे त्याने असं काही काम मागे लावून घेतलं की होती ती झोपही उडाली.

खोडरबर हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते त्याला कारखान्यात मिळालं. कारखाना पंपांचा. खाली पंप जोडले जायचे आणि वर काचेच्या खोलीत बसून हा त्यांच्या माहितीपत्रकांचं भाषांतर करायचा. पंप कसा बसवावा, झडप कधी उघडावी, हात कुठे घालू नये. काम साधं होतं, पण याने ते साधं राहू दिलं नाही. तो नोकरीला लागला त्याच सुमाराला एक तक्रार आली होती. कुठल्याशा लांबच्या गावी पत्रकातली सूचना नीट न कळल्यामुळे एका बाईचा हात उकळत्या पाण्याने भाजला होता. पत्रक याच्या आधीच्या माणसाने केलेलं, बाई बरीही झाली, साहेबांनी दिलगिरी कळवून विषय मिटवला. याच्या डोक्यातून मात्र तो हात जाईना. तेव्हापासून तो एकेक वाक्य पेन्सिलीने लिही, खोडी, पुन्हा लिही, आणि बऱ्याचदा शेवटी पहिल्यासारखंच करून ठेवी. टेबलाखाली रबराचा इतका भुगा पडायचा की झाडणारी बाई वैतागून म्हणायची, "सगळा कारखाना एकीकडे आणि या एका साहेबांचा कचरा एकीकडे." नाव पडायला याहून जास्त काय लागतं?

काचेच्या त्या खोलीतून खालचा सगळा कारखाना दिसायचा. तिथे पंपांची चाचणी घेणारा एक फिटर होता. दूरच्या मुलखातून कामासाठी आलेला, मुसलमान, अंगाने आडवा आणि आवाजाने मऊ. लहानथोर सगळे त्याला फिटरचाचा म्हणायचे. दुपारी तो आपलं यंत्र बंद करी, नळावर कोपरापर्यंत हात घासून धुई, खोक्यांच्या मधल्या जागेत एक स्वच्छ पुठ्ठा पसरी आणि नमाज पढे. आजूबाजूला लोखंडावर लोखंड आपटत असे, मुकादम कुणाच्या तरी नावाने खडे फोडत असे, आणि हा माणूस त्या गदारोळात सावकाश वाके, टेके, उठे. खोडरबर वरून बघत राही. त्याला हेवा वाटे. साधा, सरळ, चरचरीत हेवा.

एक दिवस झडपेचं निमित्त काढून तो खाली उतरला. "चाचा, तुम्हाला इतकं शांत राहायला कसं जमतं?"

"शांत?" फिटरचाचा म्हणाला. "अरे, माझा गुडघा गेलाय. हळू उठलो नाही तर जीव जातो."

त्या उत्तरावर खोडरबर खूश झाला. इतरांनी त्याला उपदेश केला असता. इथे निदान गुडघा होता. मग तो रोज काहीतरी विचारायला खाली जाऊ लागला. मेल्यावर काय, वाईट माणसाचं काय, चांगलं वागूनही ज्याचं वाईट होतं त्याचं काय, एकाच माणसाने रोज पाच वेळा तेच ते म्हटल्यावर देवाला कंटाळा येत नसेल का. फिटरचाचा पाना फिरवता फिरवता जमेल तेवढी उत्तरं देई आणि जमणार नाही तिथे "मला नाही माहीत" म्हणे. ते "मला नाही माहीत" खोडरबरला सगळ्यात पटायचं. अशी काही वर्षं गेल्यावर एका सुट्टीच्या दिवशी, बुटांच्या जुन्या गोदामात लोकांनी मशीद केली होती तिथे, चार माणसांच्या साक्षीने त्याने त्या धर्मात यायचं वाक्य म्हटलं. आयुष्यात ज्याने दोनदा खोडल्याशिवाय नावही लिहिलं नव्हतं त्याने ते वाक्य पहिल्याच दमात न अडखळता म्हटलं, आणि ढसाढसा रडला. फिटरचाचाने त्याला स्वतःचा रुमाल दिला. रुमालाला ग्रीसचा वास येत होता.

आता आईला सांगायचं होतं. रविवारी घंटा वाजली की मुलाचं बोट धरून चर्चला नेणारी ती बाई. तो गेला तेव्हा ती इस्त्री करत होती. त्याने सांगितलं, आणि तिने एकाच कॉलरवरून इतक्या वेळा इस्त्री फिरवली की कॉलर पिवळी पडली.

"म्हणजे रविवारी तू येणार नाहीस?"

"येईन की. जेवायला येईन."

"मग काय खातोस आणि काय नाही ते नीट सांग. मला या वयात चुका करायच्या नाहीत."

तिने त्याच्यासाठी एक पातेलं वेगळं काढलं, आणि शेजारणींना मात्र मरेपर्यंत सांगत राहिली की मुलगा कामाने फार गांजलाय, त्याला चर्चला यायला सवड नसते. ती गेली तेव्हा खोडरबर चर्चच्या शेवटच्या रांगेत उभा राहिला. शेजारी फिटरचाचा होता, टोपी हातात धरून. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

इथवर सगळं ठीक होतं. खरं सांगायचं तर त्या काळात खोडरबर बराच निवळला होता. जेवताना फक्त एकदाच उठायचा. मग फिटरचाचाने एक गोष्ट मागितली आणि पुन्हा सगळं बिनसलं.

फिटरचाचाची मुलगी इथेच वाढली, इथल्या भाषेत भांडायला आणि हसायला शिकली. धर्मग्रंथातलं कितीतरी तिला तोंडपाठ होतं, पण मूळ भाषेत. अर्थाच्या नावाने आनंदीआनंद. अर्थासाठी जी भाषांतरं मिळत ती इतकी जड की दोन पानांत डोळे मिटायचे. "तू तर भाषांतराचीच नोकरी करतोस," फिटरचाचा म्हणाला. "माझ्या पोरीला चहा पिता पिता वाचता येईल असं करून दे. दोन-तीन वर्षांचं काम आहे. मला ते हातात धरून बघायचंय, बस."

खोडरबर हो म्हणाला. हो म्हणताना त्याला उकळत्या पाण्याची झडप आठवली नाही, ती दुसऱ्या दिवसापासून आठवू लागली. मूळ भाषा शिकण्यात पुष्कळ वर्षं गेली, पण ती मजेत गेली. घोडं अडलं ते पुढे. पत्रकातल्या चुकीने एका बाईचा हात भाजतो, मग इथे चूक झाली तर किती जणांचं काय भाजेल? एक ओळ तो सकाळी करी, दुपारी कारखान्यात ती त्याला नकोशी होई, संध्याकाळी घरी येऊन बूट न काढताच खोडी.

त्यात फिटरचाचाने त्याला एक सवय लावून ठेवलेली. "कागदाच्या माथ्यावर आधी मूळ ओळ लिहायची," त्याने बजावलं होतं. "म्हणजे आपण कुणासमोर बसलोय याचं भान राहतं." भान राहिलं, यात शंका नाही. पण ज्या कागदावर ती ओळ लिहिली तो कागद मग केराच्या टोपलीत टाकता येत नाही, रद्दीत देता येत नाही, पायाखाली येऊ देता येत नाही. असे कागद नकोसे झाले की स्वच्छ कापडात बांधून, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी जमिनीत पुरायचे, ही त्या लोकांची रीत. खोडरबरने पुरले नाहीत. न जाणो, उद्या जुनीच ओळ बरी वाटली तर? तो ते सगळे ठेवत गेला.

या घरात बायको आली ती अशी. पेन्सिली चावून चावून याचा एक दात तुटला. डॉक्टरकडे कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवणारी एक बाई होती. तिने याच्या दाताला टोपी बनवली, बसवून पाहिली, किंचित घासली, पुन्हा बसवली आणि म्हणाली, "झालं."

"झालं म्हणजे? आणखी थोडं घासून बघायला नको?"

"नको. आणखी घासलं तर सैल होईल. कुठे थांबायचं ते कळणं हेच माझं काम आहे."

खोडरबर त्या वाक्याच्या प्रेमात पडला आणि मग बाईच्या. तिने स्वतःचा धर्म सोडला नाही, त्यानेही कधी तो विषय काढला नाही. "मी तुझ्याशी लग्न केलंय, तुझ्या शंकांशी नाही," असं तिने पहिल्याच महिन्यात ऐकवलं. पण शंका घरभर होत्या. तिने जुन्या चादरी फाडून कागदांसाठी पिशव्या शिवल्या, सगळ्या एकाच मापाच्या, एकाच पांढऱ्या कापडाच्या. कागद खाली ठेवायचे नाहीत, म्हणून पिशव्या कपाटावर गेल्या. कपाटावर मावेनात तेव्हा कपाटात गेल्या आणि तिचे कपडे खोक्यांत घालून जमिनीवर आले. भिंतीला फळ्या लागल्या. मागच्या खोलीत माणसाला आत शिरायचं तर कडेने शिरावं लागे.

"या घरात कागद वर बसतात आणि माणसं खाली," ती म्हणायची. "मी बनवलेले दात आज गावभर जेवतायत. तुझं कुणाच्या तोंडी लागणार आहे की नाही?"

"एकदा शेवटचा हात फिरवतो."

हे "एकदा" तिने इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे तो म्हणायच्या आधी तीच म्हणून मोकळी व्हायची.

आणि फिटरचाचा? तो वाट बघत होता. कधी तगादा लावला नाही. तो कारखान्यातून निवृत्त झाला, त्याची दाढी पांढरी झाली, मुलीचं लग्न होऊन ती त्याच वस्तीत राहायला आली, आणि दर शुक्रवारी मशिदीच्या दारात बूट घालता घालता तो एवढंच विचारायचा, "काय, कुठवर?" खोडरबर म्हणायचा, "आलंच." मग फिटरचाचाने मशिदीत येणं बंद केलं. कारखान्याच्या धुळीने फुप्फुसं गेली होती. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं की आता महिन्यांच्या गोष्टी नकोत, आठवड्यांच्या करा.

हे कळल्यावर खोडरबर हादरला. त्याने नोकरीत रजा टाकली आणि शेवटची प्रत शाईने करायला बसला. शाईने, म्हणजे खोडता येणार नाही. ती तो पेन्सिलीतल्या शेवटच्या मसुद्यावरून उतरवत होता, पण उतरवता उतरवता निम्मं बदलत गेला, आणि काय सांगावं, ते बदल खरोखरच सुरेख होते. वर्षानुवर्षं अडलेल्या ओळी सुटल्या. बायको म्हणाली, "याची एक झेरॉक्स काढून ठेव." तो म्हणाला, "तीही मग जपावी लागेल. आणखी एक पिशवी." त्यावर तिने कपाळाला हात लावला.

प्रत पुरी झाली आणि तशाच एका पांढऱ्या पिशवीत बांधून त्याने ती बाजूला राखून ठेवली. छापखान्याच्या मालकिणीने यंत्र मोकळं ठेवलं होतं. बायकोने ठरवलं की त्याच दिवशी सकाळी घरातल्या सगळ्या पिशव्याही पुरून टाकायच्या, नाहीतर हा पुन्हा त्यांत डोकं घालील. मशिदीच्या मागे कुंपण घातलेला जमिनीचा एक तुकडा याच कामासाठी राखलेला होता. दोघांनी फेऱ्या मारून पिशव्या नेल्या, खोडरबरने चर खणला, एकेक पिशवी हळूच आत ठेवली, माती सारली. दुपारी राखून ठेवलेली पिशवी घेऊन तो छापखान्यात गेला. मालकिणीसमोर गाठ सोडली.

आत पेन्सिलीतली पानं होती. अगदी सुरुवातीच्या वर्षांतली, शाळकरी चुकांनी भरलेली. शाईची प्रत मातीत गेली होती.

या क्षणी माणसाने काय करावं? धावत सुटावं, फावडं मागावं, निदान किंचाळावं. खोडरबरने गाठ पुन्हा बांधली, "उद्या येतो," म्हणाला आणि सावकाश घरी चालत आला. वाटेत त्याला छाती हलकी वाटली. कुलूप बघायला तो माघारी फिरला नाही. जेवताना उठला नाही. बायकोने विचारलं, "दिलंस?" तो म्हणाला, "उद्या जायचंय पुन्हा." आणि संध्याकाळभर तो खिडकीशी एका जागी बसून राहिला. इतका निवांत की बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

त्या निवांतपणाचीच त्याला सकाळी भीती वाटली. तो तडक फिटरचाचाकडे गेला. मुलीने दार उघडलं. फिटरचाचा पलंगावर उशांना टेकून बसला होता, श्वास मोजूनमापून घेत. खोडरबरने सगळं सांगितलं. पिशव्या, चर, छापखाना. ऐकून झाल्यावर फिटरचाचाने एकच विचारलं.

"तुला बरं वाटलं का रे?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "हो," खोडरबर म्हणाला.

फिटरचाचाने तोंड भिंतीकडे वळवलं. भिंतीशीच बोलावं तसा तो म्हणाला, "तू मी जायची वाट बघतोयस. मी गेलो की मागणारं कुणी उरणार नाही. मग बस खोडत."

"चाचा, असं काय बोलता?"

"खरं की खोटं?"

 ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे खोडरबरला त्या खोलीत, त्या माणसाच्या पाठीकडे बघताना पहिल्यांदा कळलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. एवढी वर्षं तो जिला काळजी समजत होता तिच्यात भित्रेपणाही तेवढाच होता.

"पुरलेलं उकरून काढलं तर चालेल का?" त्याने विचारलं.

"कागद पुरलेत, माणूस नाही," फिटरचाचा म्हणाला. "ऊठ."

या वेळी तो धावला. वाटेत बायकोला कामावरून उठवलं. ती हातातली कवळी तशीच ओली टाकून आली आणि काय झालं ते ऐकत ऐकत त्याच्या पुढे चालू लागली. कुंपणाशी दोघं थबकली. चराच्या मातीवर पाण्याचा पाइप लावलेला होता आणि माती चिखल होऊन चकाकत होती. मशिदीच्या अंगणाची झाडं बघणारा माळी, भला माणूस, पाइप सारखा करत होता. कालच त्याला तिथे ताजी खणलेली माती दिसली होती.

"काय लावलंत हो साहेब?" त्याने कौतुकाने विचारलं. "काल संध्याकाळपासून चांगलं भरपूर पाणी दिलंय. मुळं धरतील."

बायको खळखळून हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. माळ्याला काही कळेना. खोडरबरने पाइप बंद केला, गुडघे टेकले आणि हातांनीच उकरायला लागला.

शाईच्या प्रतीची पिशवी खालच्या थरात निघाली. पिशवी निळी झाली होती. आत एकेक पान अलगद सुटं केलं तरी हाती येत होते नुसते निळे ढग. मूळ ओळी गेल्या, त्याच्या सुरेख ओळी गेल्या, वर्षानुवर्षं अडून शेवटी सुटलेलं सगळं गेलं. काल दुपारी छापखान्यातूनच तो इथे आला असता तर सगळं कोरडं मिळालं असतं. हे बायकोने तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पेन्सिलीला मात्र पाण्याचं काही वाटत नाही. वरच्या पिशव्यांतली पानं भिजली होती, चिकटली होती, पण अक्षर जागच्या जागी होतं. शेवटचा पेन्सिलीतला मसुदा, ज्याच्यावरून त्याने शाईची प्रत उतरवली होती, तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत निघाला.

घरभर दोऱ्या बांधल्या. कपड्यांच्या चिमट्यांनी पानं लटकवली आणि दोघं त्यांच्याखालून वाकून वाकून फिरू लागली. खोडरबरला राहवेना. एकेका पानाखाली थांबून तो ओठ हलवी.

"मला अर्धंअधिक आठवतंय," तो म्हणाला. "शाईत जे बदललं होतं ते. पुन्हा बसलो तर चार-सहा महिन्यांत..."

"चाचांकडे चार-सहा महिने आहेत?"

त्याने समोरच्या पानाचा चिमटा उगाच सारखा केला.

बायको एका पानापाशी गेली. ती या कागदांना कधी हात लावत नसे. आज तिने आधी हात धुतले आणि पान दोरीवर असतानाच मान वर करून वाचलं. मग दुसरं वाचलं. "यात चूक आहे का? कुणाचा हात भाजेल असं काही?"

त्याने पान बघितलं. प्रामाणिकपणे बघितलं, घाम फुटेपर्यंत बघितलं. "चूक नाही," तो म्हणाला. "नुसतं... याहून चांगलं होतं माझ्याकडे."

"ते मला माहीत आहे रे," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "मलाही वाईट वाटतंय. पण हे झालेलं आहे."

तो पुन्हा उठला, पुन्हा बसला. पाणी प्यायला गेला आणि न पिता परत आला. पेन्सिल उचलली, ठेवली. सगळं घर त्याच्या डोक्यावर टांगलेलं होतं आणि तो एका दोरीपासून दुसऱ्या दोरीपर्यंत येरझाऱ्या घालत होता. बायको दारात उभी राहिली. तिने ठरवलं होतं की पानं ती स्वतः नेऊन देणार नाही. ही काही तिने बनवलेली दाताची टोपी नव्हती. हे ज्याचं त्यानेच सोडायला हवं होतं. शेवटी तो पहिल्या दोरीपाशी गेला, पहिल्या पानाचा चिमटा काढला, मग दुसऱ्याचा. वाळतील तशी पानं क्रमाने लावत तो दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतः छापखान्यात गेला. मालकिणीने सुरकुतलेली, मातकट पानं उलटून पाहिली.

"हे कुठून आणलंत, शेतातून?"

"लवकर करा," खोडरबर म्हणाला. हे दोन शब्द त्याने या कामाबद्दल उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारले.

मालकिणीने बाकीची कामं बाजूला सारली. पुस्तक बांधून व्हायला वेळ लागणार होता, पण सुरुवातीची छापलेली पानं तिने घडी घालून, नुसता दोरा मारून दिली. खोडरबर ती घेऊन फिटरचाचाकडे गेला. फिटरचाचा आता उशांना टेकूनही बसू शकत नव्हता. त्याने पानं हातात घेतली, अंगठ्याने कागद चाचपला. लोखंडाची धार तपासायचा तसा. डोळ्यांना दिसत नव्हतं. पानं त्याने परत केली.

"वाच."

खोडरबर वाचू लागला. पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्या पानावर तो अडला. याच जागी शाईत त्याने असं काही केलं होतं की लिहिल्यावर स्वतःच उठून खोलीत फिरला होता. इथे ते नव्हतं. इथे साधं, सरळ, पेन्सिलीतलं होतं. आणि मातीत गेलेलं ते नेमकं काय होतं, तेही आता आठवेना.

"काय झालं?" फिटरचाचाने डोळे मिटूनच विचारलं.

"इथे माझं दुसरं होतं, चाचा. फार चांगलं होतं. ते..."

"माझ्याकडे तेवढा वेळ नाही रे," फिटरचाचा म्हणाला. रागाने नाही, माहिती द्यावी तसं. "आहे ते वाच."

त्याने आहे ते वाचलं. ती ओळ त्याने पुरी केली आणि पुढची घेतली. फिटरचाचाचे ओठ हलत होते. खोडरबर एक ओळ वाची, आणि तीच ओळ मूळ भाषेत त्या ओठांवरून बिनआवाजी जाई.

दारात मुलगी आली होती. वडिलांसाठी गरम पाण्याचा पेला हातात होता. तो द्यायला म्हणून ती आत आली आणि मध्येच उभी राहिली. मग भिंतीला टेकून खालीच बसली. पेला तसाच हातात. खोडरबरने तिच्याकडे पाहिलं आणि थांबला. तिचा चेहरा विचित्र झाला होता. काही चुकलं की काय, म्हणून त्याने ती ओळ पुन्हा मनात तपासली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हे असं आहे होय? मी लहानपणापासून रोज म्हणतेय हे."

 फिटरचाचाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येऊन कानाकडे ओघळलं.  पानं हातात धरून खोडरबर नुसता बसून राहिला.

"थांबलात का?" मुलगी म्हणाली. "वाचा ना पुढे."